डिपॉझिटसाठी किती कन्फर्मेशन थांबायचं, आणि थांबायचं म्हणजे नेमकं काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका पेमेंट सॉफ्टवेअरमध्ये ग्राहकांकडून बिटकॉइन आणि इथेरियमवरचे यूएसडीटी (डॉलरशी बांधलेलं टोकन) घेतले जातात. कोडमध्ये बिटकॉइनसाठी ६ आणि इथेरियमसाठी १२ कन्फर्मेशन (व्यवहाराच्या ब्लॉकपासून चेनमध्ये किती ब्लॉक झाले तो आकडा) लिहून ठेवली आहेत. डिपॉझिट दिसलं की त्याच्या ब्लॉकचा क्रमांक टेबलात टाकायचा, दर मिनिटाला ताज्या ब्लॉकचा क्रमांक घ्यायचा, वजाबाकी करायची, आकडा गाठला की खात्यात जमा. एवढं थांबूनही एका ग्राहकाला यूएसडीटीचा एकच व्यवहार दोनदा जमा झाला. आता आकडे वाढवावेत का, आणि किती?

आकडे वाढवून हे थांबणार नाही. १२ चे १२० केले असते तरी तो व्यवहार दोनदाच जमा झाला असता, फक्त उशिरा. चूक आकड्यात नाही, वजाबाकीत आहे. तुमची वजाबाकी एक गोष्ट न विचारता गृहीत धरते: ज्या ब्लॉकमध्ये डिपॉझिट दिसलं होतं, तो ब्लॉक अजून चेनमध्ये आहे. हे आपण विचारतच नाही. मी गेली बरीच वर्षं हेच काम करतो आहे आणि दुसऱ्यांचा जितका कोड तपासायला आला, त्यातल्या बहुतेकांत हीच एक तपासणी नव्हती.

ब्लॉकचा क्रमांक म्हणजे फक्त उंची. एकाच उंचीवर दोन वेगळे ब्लॉक तयार होऊ शकतात, आणि नेटवर्क थोड्या वेळानं त्यातला एक ठेवतं, दुसरा टाकून देतं. यालाच आपण रीऑर्ग म्हणतो. ब्लॉकची खरी ओळख त्याचा हॅश, म्हणजे त्याच्या मजकुरावरून काढलेला ठसा. चेक खात्यात दाखवला म्हणजे वटला असं कोणी धरत नाही, आणि तो वटला का हे विचारताना नुसतं ‘किती दिवस झाले’ एवढं विचारून भागत नाही. इथेही किती ब्लॉक झाले हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की या उंचीवर आत्ता जो ब्लॉक आहे त्याचा हॅश मी जपून ठेवलेल्या हॅशशी जुळतो का. जुळला तरच मोजायला बसायचं. मोजतानाही ज्या ब्लॉकमध्ये व्यवहार आहे तो स्वतः पहिलं कन्फर्मेशन, म्हणजे वजाबाकीत एक मिळवायचा असतो. काही टीममध्ये अर्ध्या लोकांनी एक मिळवलेला आणि अर्ध्यांनी नाही असं पाहिलं आहे. निदान एकाच कोडमध्ये तरी एकच पद्धत ठेवा.

तुमच्या दोनदा जमा होण्याचं कारण मला जवळजवळ ठाऊक आहे, कारण मी तेच भोगलं आहे. इथेरियम मायनिंगवर, म्हणजे यंत्रांच्या ताकदीवर ब्लॉक बनवून, चालायचं तेव्हाची गोष्ट. मी ज्या कंपनीत होतो तिथे डिपॉझिटच्या टेबलात व्यवहाराचा हॅश आणि लॉगचा (व्यवहारानं चेनवर सोडलेल्या नोंदीचा) क्रमांक या दोन्हींवर मिळून युनिक बंधन होतं, म्हणजे तीच जोडी दोनदा येऊ शकत नव्हती. टोकनचं ट्रान्सफर लॉगमधून वाचायचं, एका व्यवहारात दोन ट्रान्सफर असू शकतात, म्हणून लॉगचा क्रमांकही जोडलेला. कागदावर अगदी योग्य. पण लॉगचा हा क्रमांक व्यवहारातला नसतो, संपूर्ण ब्लॉकमधला असतो. एका रात्री एकाच ब्लॉकचा रीऑर्ग झाला. तोच व्यवहार पुढच्या ब्लॉकमध्ये गेला, पण त्याच्या आधी आता वेगळे व्यवहार होते, त्यामुळे ८७ व्या क्रमांकाचा लॉग ९१ वा झाला. युनिक बंधनाला ही नवीन नोंद वाटली. जुनी नोंद कोणी काढली नव्हती. दोन्ही नोंदींचे ब्लॉक क्रमांक होते, दोन्हींची वजाबाकी दर मिनिटाला होत होती, आणि ठरलेली कन्फर्मेशन झाल्यावर दोन्ही जमा झाल्या. ग्राहकानं काहीही गैर केलं नव्हतं. सकाळी ताळेबंद जुळेना तेव्हा आम्हाला कळलं, आणि कारण सापडायला तीन दिवस गेले, कारण आम्ही सगळे डबल स्पेंड (तेच पैसे दोनदा खर्चणं) शोधत बसलो होतो.

इथेरियमवर एका ब्लॉकचा रीऑर्ग ही आजही नवलाची गोष्ट नाही. तेव्हा तुमचं टेबल आधी बघा.

दुरुस्ती अशी. दोन टेबलं वेगळी ठेवा: एक ‘काय दिसलं’ याचं, दुसरं ‘काय जमा केलं’ याचं. पहिल्यात ब्लॉकचा हॅश, ब्लॉकची उंची, व्यवहाराचा हॅश, लॉगचा क्रमांक, पत्ता, रक्कम. आणि युनिक बंधनात ब्लॉकचा हॅश असलाच पाहिजे. ब्लॉक बाद झाला की त्या हॅशच्या सगळ्या नोंदींवर ‘बाद’ असा शिक्का मारायचा, पुसायच्या नाहीत. नंतर तपास करताना त्याच कामी येतात. दुसऱ्या टेबलात व्यवहाराचा हॅश आणि त्या व्यवहाराच्या पावतीतला लॉगचा अंतर्गत क्रम, म्हणजे पहिला, दुसरा, तिसरा, यावर युनिक बंधन. बिटकॉइनला हे सोपं आहे, तिथे व्यवहाराचा आयडी आणि आउटपुटचा क्रमांक ब्लॉक बदलला तरी तेच राहतात.

चेन वाचणारा लूपही उंचीवर नको. प्रत्येक नवा ब्लॉक घेताना त्याचा पेरेंट हॅश आपल्याकडच्या शेवटच्या ब्लॉकच्या हॅशशी जुळतो का पाहायचं. जुळला नाही तर एकेक पाऊल मागे जायचं, दोन्ही फांद्यांचा समान ब्लॉक सापडेपर्यंत. वाटेतले आपले ब्लॉक बाद करायचे, मग नव्या फांदीवरून पुढे यायचं. बिटकॉइन कोअर हे नोड सॉफ्टवेअर (चेनची प्रत ठेवून ती तपासणारं) वापरत असाल तर हे बरंचसं तयार मिळतं: लिस्टसिन्सब्लॉक या कमांडला मागच्या वेळी मिळालेला ब्लॉक हॅश द्या, तो ब्लॉक मधल्या काळात बाद झाला असेल तर फांदी जिथून फुटली तिथपासूनचे व्यवहार ती देते आणि गळालेले व्यवहार वेगळ्या यादीत दाखवते. एखाद्या व्यवहाराशी भिडणारा दुसरा व्यवहार चेनमध्ये गेला असेल तर पहिल्याची कन्फर्मेशन ऋण आकड्यात दिसतात. हा आकडा कुठल्यातरी अनसाइन्ड कॉलममध्ये टाकू नका.

आणि जमा करण्याच्या क्षणी, जमेची नोंद करणाऱ्या त्याच डेटाबेस ट्रान्झॅक्शनच्या लगेच आधी, नोडला पुन्हा विचारा: या उंचीवर कोणता हॅश आहे? व्यवहाराची पावती याच ब्लॉकची आहे का? इथेरियमवर पावतीतलं स्टेटस यशस्वी आहे का, आणि लॉग खऱ्या टोकन कॉन्ट्रॅक्टच्याच (चेनवर चालणाऱ्या प्रोग्रामच्याच) पत्त्यावरून आला आहे का? शेवटचं मुद्दाम लिहितो, कारण कोणीही यूएसडीटी नावाचं कॉन्ट्रॅक्ट बनवून तुमच्या पत्त्यावर ट्रान्सफरचा लॉग सोडू शकतो.

आता आकड्यांकडे येऊ, कारण तेही विचारलं आहे.

बिटकॉइनचा ६ हा आकडा नियम नाही, प्रथा आहे. सातोशी नाकामोतो यांच्या २००८ च्या मूळ लेखात शेवटी एक गणित आहे: हल्लेखोराकडे नेटवर्कच्या ताकदीचा अमुक हिस्सा असेल, तर त्याची यशाची शक्यता ०.१ टक्क्याच्या खाली आणायला किती ब्लॉक थांबावं लागेल. हिस्सा १० टक्के असेल तर ५ ब्लॉक पुरतात. ३० टक्के असेल तर २४. ४५ टक्के असेल तर ३४०. आकडा किती झपाट्यानं वर जातो ते पाहा. ६ ब्लॉक पुरेत असं म्हणणं म्हणजे समोरच्याकडे दहा टक्क्यांच्या आसपासच ताकद आहे असं धरणं.

आणि हे गणित फक्त हल्लेखोराचं आहे, सॉफ्टवेअरमधल्या चुकीचं नाही. ११-१२ मार्च २०१३ ला बिटकॉइनची चेन दोन भागांत फुटली. नव्या ०.८ आवृत्तीनं एक मोठा ब्लॉक स्वीकारला, जुन्या आवृत्तीच्या डेटाबेसमधल्या लॉकच्या मर्यादेमुळे तिला तो पचला नाही. शेवटी मायनर मंडळींना सांगून जुन्या आवृत्तीवर परत आणावं लागलं आणि ०.८ च्या बाजूचे २४ ब्लॉक सोडून द्यावे लागले. त्या काही तासांत एका पेमेंट कंपनीकडे सुमारे १०,००० डॉलरचं डिपॉझिट खरोखर दुसऱ्यांदा खर्च झालं. ६ पाळणारे त्या दिवशी उघडे पडले असते. म्हणून आकड्यासोबत एक ब्रेकही हवा: २ किंवा ३ ब्लॉकपेक्षा खोल रीऑर्ग दिसला, किंवा आपल्या दोन वेगवेगळ्या आवृत्त्यांच्या नोडमध्ये एकाच उंचीवर वेगळे हॅश दिसले, की त्या चेनची जमा आपोआप थांबली पाहिजे आणि माणसाला फोन गेला पाहिजे. ज्यांनी हा ब्रेक ठेवला नाही त्यांना नंतर पश्चात्ताप करताना मी पाहिलं आहे.

लहान चेनबद्दल मी फार कडक आहे. एथेरियम क्लासिकवर जानेवारी २०१९ मध्ये खोल रीऑर्ग झाले आणि कॉइनबेस या एक्सचेंजनं सुमारे २,१९,५०० ईटीसीचे (त्या चेनच्या नाण्यांचे) डबल स्पेंड नोंदवले. ऑगस्ट २०२० मध्ये त्याच चेनवर एका महिन्यात तीन हल्ले झाले, त्यातल्या शेवटच्यात ७,००० पेक्षा जास्त ब्लॉक उलटले. मे २०१८ मध्ये बिटकॉइन गोल्डवर असंच झालं होतं. कारण उघड आहे: त्याच पद्धतीचं मायनिंग करणारी यंत्रं भाड्यानं मिळत होती आणि चेनची स्वतःची ताकद तुलनेनं तुटपुंजी होती. अशा चेनवर ‘किती ब्लॉक’ हा प्रश्नच चुकीचा. तितके ब्लॉक नव्यानं बनवायला भाडं किती पडेल, आणि त्यातून आपल्याकडून किती लुटता येईल, हा हिशोब करायचा. तो जमत नसेल तर ती चेन घेऊ नका. ग्राहक मागतात म्हणून घेतलेली चेन शेवटी सगळ्या ग्राहकांच्या पैशांवर गदा आणते.

रकमेनुसार टप्पे करणारे बरेच जण असतात: छोट्या रकमेला २ कन्फर्मेशन, मोठीला ६. कल्पना चांगली, पण हल्लेखोर एक मोठं डिपॉझिट करणार नाही. तो शंभर खाती उघडून शंभर छोटी करेल, सगळी एकाच ब्लॉकमध्ये. रीऑर्ग झाला की सगळी एकदम जातील. म्हणून मर्यादा एका डिपॉझिटवर लावू नका. गेल्या काही ब्लॉकमधून आपण मिळून किती न वटलेली रक्कम वापरू दिली आहे, त्या बेरजेवर लावा. याहून सोपा उपाय म्हणजे ग्राहकाला २ कन्फर्मेशनवर शिल्लक दाखवा, आतल्या आत वापरू द्या, पण पैसे बाहेर काढणं पूर्ण कन्फर्मेशनपर्यंत बंद ठेवा. बाहेर गेलेला पैसा परत येत नाही. आतली नोंद उलटवता येते.

इथेरियमवर मात्र १२ चा आकडा आता काढून टाका. तो मायनिंगच्या काळातला आहे. १५ सप्टेंबर २०२२ च्या मर्जनंतर, म्हणजे इथेरियम मायनिंग सोडून स्टेकवर (तारण ठेवलेल्या नाण्यांवर) आल्यानंतर, १२ सेकंदांचा स्लॉट (एका ब्लॉकची पाळी), ३२ स्लॉटचा इपॉक, आणि सुरळीत असेल तेव्हा दोन इपॉक उलटले की ब्लॉक फायनलाइज (पक्का) होतो, म्हणजे साधारण १३ मिनिटं, कधी थोडी जास्त. नोडला ताज्या ब्लॉकऐवजी ‘फायनलाइज्ड’ ब्लॉक मागता येतो, तोच मागा. त्या उंचीपर्यंतचंच वाचायचं ठरवलं तर रीऑर्ग हाताळणारा निम्मा कोड लागतच नाही. फायनलाइज झालेला ब्लॉक उलटवायचा तर स्टेकच्या किमान एक तृतीयांश हिश्श्याला जप्ती पत्करावी लागते. १२ ब्लॉकच्या मागे असं काहीच उभं नाही.

पण एक सांभाळा. ११ आणि १२ मे २०२३ ला इथेरियमचं फायनलायझेशन थांबलं होतं, दुसऱ्या दिवशी तर तासाभराहून जास्त. ब्लॉक येत होते, व्यवहार चालू होते, फक्त पक्कं काही होत नव्हतं. अशा वेळी ‘फायनलाइज्ड अर्धा तास पुढे सरकला नाही तर १२ ब्लॉकवर जमा कर’ असा पर्यायी रस्ता कोडमध्ये असेल, तर नेटवर्क आजारी असतानाच आपण पहारा उठवतो. तो रस्ता ठेवू नका. त्या वेळी काम एकच: ग्राहकाला सांगायचं की पैसे दिसले आहेत, नेटवर्कच्या अडचणीमुळे वेळ लागतोय.

बाकी चेनबद्दल थोडक्यात. पॉलिगॉन भारतीय संस्थापकांनी मॅटिक नावानं सुरू केलेलं. त्याच्या जुन्या टेस्टनेटचं (चाचणीच्या चेनचं) नावच मुंबई होतं, आणि माझ्यासारख्या पुष्कळांचा कोड पहिल्यांदा तिथे चालला. तिथे ब्लॉक पटापट येतात म्हणून जुन्या काळी लोक १०-२० कन्फर्मेशन ठेवायचे. फेब्रुवारी २०२३ मध्ये एकदा १५० हून जास्त ब्लॉकचा रीऑर्ग झाला. ब्लॉकचा वेग म्हणजे सुरक्षितता नव्हे, हे तिथे फार स्पष्ट दिसलं. आता तिथेही फायनलाइज्ड ब्लॉक मागता येतो. इथेरियमवरच्या रोलअपवर (व्यवहार बाहेर चालवून इथेरियमवर नोंदवणाऱ्या चेनवर) ताजा ब्लॉक म्हणजे फक्त सीक्वेन्सरचा (व्यवहारांचा क्रम लावणाऱ्याचा) शब्द. तो इथेरियमवर जाऊन तिथे फायनलाइज झाला की मग धरा. सोलानावर ‘कन्फर्म्ड’ न घेता ‘फायनलाइज्ड’ घ्या. ट्रॉनवर २७ पैकी १९ प्रतिनिधींचे ब्लॉक वर आले की व्यवहार पक्का, म्हणजे मिनिटभर. आणि बिटकॉइनवर कोणी मायनिंगचं बक्षीस थेट तुमच्या पत्त्यावर घेत असेल तर ते १०० ब्लॉकपर्यंत खर्चताच येत नाही, ते वेगळं ओळखा.

दुसरी एक चूक, जी दोनदा जमा होण्याच्या उलट आहे: जमाच न होणं. बहुतेक जण नोड स्वतः चालवत नाहीत, सेवा विकत घेतात, आणि त्या एका पत्त्यामागे अनेक नोड असतात. पहिल्या कॉलला ताजी उंची एका नोडनं सांगितली, लॉगचा कॉल दुसऱ्या, दोन ब्लॉक मागे असलेल्या नोडकडे गेला. त्यानं एरर न देता रिकामी यादी दिली. आपला लूप समजला की या ब्लॉकमध्ये काही नाही, आणि पुढे गेला. डिपॉझिट कायमचं राहून गेलं. म्हणून लॉग ब्लॉकच्या हॅशनं मागा, उंचीनं नाही. ज्या नोडकडे तो ब्लॉक नाही तो तेव्हा रिकामी यादी न देता एरर देतो, आणि एररला पुन्हा प्रयत्न करता येतो.

ग्राहकाला काय दाखवायचं, यावरही दोन शब्द. ‘६० मिनिटांत जमा होईल’ असं लिहू नका. बिटकॉइनचा ब्लॉक सरासरी १० मिनिटांनी येतो, पण अंतर फार वरखाली होतं. गणित मांडलं तर सहा ब्लॉकला दीड तासाहून जास्त वेळ लागण्याची शक्यता साधारण १२ टक्के, दोन तासांहून जास्त लागण्याची २ टक्के. दिवसाला हजार डिपॉझिट घेणाऱ्याकडे म्हणजे रोज शंभराहून जास्त लोक दीड तासानंतरही वाट बघत असतील. ‘६ पैकी ३’ असं दाखवा, ते खरं असतं. शून्य कन्फर्मेशनला तर फक्त ‘दिसलं’ एवढंच म्हणा. फी वाढवून व्यवहार बदलता येतो, आणि बिटकॉइन कोअरच्या २०२४ च्या २८.० आवृत्तीपासून नोड मूळपणेच असे बदल स्वीकारतात. ग्राहकानं दिलेला व्यवहाराचा आयडी मग कधीच चेनमध्ये येत नाही, त्याच पत्त्यावर दुसऱ्या आयडीनं पैसे येतात. शोध पत्त्यावरून घ्या, ग्राहकाच्या आयडीवर विसंबू नका.

हे सगळं टेस्टमध्ये प्रत्यक्ष घडवून पाहा. बिटकॉइन रेगटेस्टवर (स्वतःच्या मशीनवरच्या चाचणी चेनवर) इनव्हॅलिडेटब्लॉक कमांडनं ब्लॉक बाद करता येतो. पण तो बाद केला की व्यवहार मेमपूलमध्ये (ब्लॉकची वाट पाहणाऱ्या व्यवहारांच्या साठ्यात) परत येतो आणि पुढचा ब्लॉक काढलात की लगेच त्यात जातो, त्यामुळे टेस्ट हिरवी दिसते आणि तुम्ही काहीच तपासलेलं नसतं. जनरेटब्लॉक कमांडला रिकामी यादी देऊन दोन रिकामे ब्लॉक काढा, मग तुमच्या टेबलात डिपॉझिट ‘बाद’ होतं का ते बघा. इथेरियमच्या लोकल नोडवर स्नॅपशॉट आणि रिव्हर्टनं हेच करा, आणि रिव्हर्टनंतर तुमच्या व्यवहाराआधी त्याच ब्लॉकमध्ये दुसरी एक-दोन ट्रान्सफर मुद्दाम घाला, म्हणजे लॉगचा क्रमांक सरकेल. आमची जुनी चूक या एका टेस्टनं पाच मिनिटांत पकडली असती.

तुमच्या आत्ताच्या घटनेसाठी: डिपॉझिटच्या टेबलात व्यवहाराचा हॅश एकच पण लॉगचा क्रमांक किंवा ब्लॉक वेगळा अशा जोड्या काढा. सापडलेल्या प्रत्येक जोडीसाठी चेनवर त्या उंचीचा हॅश पाहा, कुठली नोंद खरी ते कळेल. खोटी नोंद डिलीट करू नका, खात्यात तेवढ्याच रकमेची उलट नोंद टाका आणि तिला कारण लिहा. आणि ग्राहकाला आधी कळवा, मग रक्कम वळती करा. त्याची यात काहीही चूक नाही.